शुद्धीत असताना केलेली सही

अरुणा शानबाग यांचे प्रकरण २०११ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आले तेव्हा सगळी चर्चा इच्छामरणाची झाली. निकालपत्र हाती घेऊन वाचले तर मात्र दिसते की न्यायाधीशांना आधी एका वेगळ्याच, वरवर कारकुनी वाटणाऱ्या प्रश्नाचा निकाल लावावा लागला होता: या बाईंच्या वतीने बोलायचे कोणी? मुंबईच्या केईएम रुग्णालयातील ही परिचारिका २७ नोव्हेंबर १९७३ रोजी झालेल्या हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळली ती कायमची. पत्रकार आणि लेखिका पिंकी विराणी त्यांच्या वादमित्र म्हणून न्यायालयात गेल्या होत्या. न्यायालयाने विराणींच्या तळमळीचे कौतुक केले, पण तो अधिकार त्यांना दिला नाही. इतकी वर्षे त्यांना न्हाऊमाखू घालणारे, भरवणारे केईएमचे कर्मचारी हेच त्यांचे खरे वादमित्र, असे न्यायमूर्ती मार्कंडेय काट्जू आणि ज्ञानसुधा मिश्रा यांनी ठरवले. कर्मचाऱ्यांचे म्हणणे होते की त्या जगाव्यात. त्या आणखी चार वर्षे जगल्या आणि १८ मे २०१५ रोजी गेल्या.

विराणी बरोबर की परिचारिका बरोबर, हा वाद इथे उकरून काढायचा नाही. दोन्ही बाजूंना माया होती. नव्हते ते अरुणा यांचे स्वतःचे म्हणणे. हल्ला झाला तेव्हा त्या पंचविशीत होत्या आणि त्या वयात कोणी कोणाला असले काही विचारत नाही. त्यामुळे पुढची चार दशके इतरांनी त्यांच्या मनातले ओळखायचा प्रयत्न केला, आणि शेवटी ते ओळखण्याचा हक्क कोणाचा हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला ठरवावे लागले.

ही पुस्तिका ज्या कागदाविषयी आहे तो या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन ठेवतो. वैद्यकीय इच्छापत्रात दोन गोष्टी असतात. बरे होण्याची आशा उरली नाही तर कोणते उपचार नकोत, ही एक. आणि मला बोलता येणार नाही तेव्हा माझ्या वतीने डॉक्टरांशी कोण बोलेल, ही दुसरी. लोक पहिल्या गोष्टीवर तासन्तास बोलतात. माझ्या मते दुसरी अधिक मोलाची आहे. आणि या दोहोंना कायद्याच्या लेखी जी किंमत येते ती तळाशी असलेल्या सह्यांमुळे. त्या कोणाच्या, कोणासमोर आणि कशासाठी, एवढेच या प्रस्तावनेत सांगायचे आहे. मसुदे आणि नमुने पुढच्या प्रकरणांत आहेतच.

आपल्याकडे या विषयावर संसदेने केलेला स्वतंत्र कायदा नाही. जे काही आहे ते न्यायालयाच्या निकालांतून आलेले आहे. 'कॉमन कॉज' या संस्थेने २००५ साली केलेल्या याचिकेवर ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. सन्मानाने मरणे हा सन्मानाने जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि इच्छापत्राला मान्यता दिली. मात्र मान्यता देताना न्यायालयाचा हात थोडा थरथरला असावा. म्हाताऱ्या माणसाची इस्टेट, मुलांची भांडणे, रुग्णालयाचे बिल, असे सगळे डोळ्यांपुढे असणार. म्हणून अट घातली गेली की इच्छापत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात आणि शिवाय प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी हवी. दंडाधिकाऱ्यांनी एक प्रत स्वतःच्या कार्यालयात जपायची, एक जिल्हा न्यायालयाकडे धाडायची, एक स्थानिक स्वराज्य संस्थेला द्यायची, आणि घरचे लोक हजर नसतील तर त्यांना कळवायचे.

कागदावर हे चोख होते. पण ज्याने तालुक्याच्या ठिकाणचे फौजदारी न्यायालय आतून पाहिले आहे त्याला पुढचे सांगायला नको. न वटलेले धनादेश, बांधावरून झालेल्या मारामाऱ्या, जामिनाचे अर्ज, पोटगीच्या तारखा, आणि या गर्दीत पंच्याहत्तरीच्या एखाद्या बाई हातात कागद घेऊन उभ्या, त्यांना स्वतःच्या मरणाबद्दल काही लिहून ठेवायचे आहे. शिरस्तेदारांनी तो कागद कोणत्या नोंदवहीत चढवायचा? तसा रकानाच नव्हता. हक्क मिळाला होता, पण तो बजावायला जायचे कुठे हे कोणाला सांगता येत नव्हते. शेवटी अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेनेच न्यायालयाला विनंती केली की ही प्रक्रिया पाळता येईल अशी करा. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायमूर्ती के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने जुन्या सूचना बदलल्या, आणि आज लागू आहेत त्या याच.

इच्छापत्र करणारी व्यक्ती सज्ञान आणि धडधाकट मनाची हवी. कागद लेखी हवा. त्यावर तिची सही दोन साक्षीदारांच्या देखत व्हायला हवी आणि ते साक्षीदार शक्यतो त्रयस्थ असावेत. दंडाधिकाऱ्यांची जागा आता नोटरीने किंवा राजपत्रित अधिकाऱ्याने घेतली आहे. न्यायदंडाधिकारी मिळणे आणि कोपऱ्यावरचा नोटरी मिळणे यात किती अंतर आहे हे वाचकांना ठाऊक आहे.

सोपे झाले म्हणून त्या सह्या निव्वळ उपचार झाल्या असे मात्र नाही. साक्षीदार आणि नोटरी, दोघांनीही कागदावर आपले समाधान नोंदवायचे असते: ही व्यक्ती आपखुशीने सही करत आहे, तिच्यावर दडपण नाही, तिला कसले आमिष दाखवलेले नाही, आणि आपण काय लिहिले याची तिला पूर्ण समज आहे. नुसता शिक्का पुरत नाही, हे वाक्य हवे. न्यायालयाच्या आवारात छत्रीखाली टेबल टाकून बसलेले नोटरी भाडेकरारावर, नावबदलाच्या प्रतिज्ञापत्रावर आणि या कागदावर सारख्याच वेगाने शिक्का मारतात, हे उघड गुपित आहे. आधार कार्ड पाहिले, नोंदवहीत सही घेतली, तिकीट लावले, पुढचा. इथे तसे करू नये आणि करूही देऊ नये. 'मला दोन मिनिटे प्रश्न विचारा' असे नोटरीला आपणच म्हणावे. विक्षिप्त वाटेल, पण पुढे एखादा भाऊ 'दादाला तेव्हा काही समजतच नव्हते' असे म्हणाला तर तीच दोन मिनिटे उपयोगी पडतात.

स्टॅम्प पेपरचे विचाराल, तर न्यायालयाच्या सूचनांमध्ये त्याचा उल्लेख नाही. आपल्याकडे राजमुद्रा छापलेल्या कागदावर नसलेली गोष्ट खरी वाटत नाही, म्हणून बहुतेक वकील तो घ्यायला लावतात. घेतल्याने बिघडत काही नाही, पण कागदाचे बळ साक्षीदारांत आणि नोटरीच्या शेऱ्यात आहे.

साक्षीदार त्रयस्थ असावेत याला 'शक्यतो' हा शब्द जोडलेला आहे. म्हणजे नातेवाइकाने साक्ष दिली म्हणून कागद बाद होत नाही. तरीही माझा सल्ला असा की ज्यांना वारसाहक्काने काही मिळणार आहे, ज्यांचे नाव त्याच कागदात प्रतिनिधी म्हणून आहे आणि जे तुमच्यावर उपचार करत आहेत, अशांना साक्षीदार करू नये. सोसायटीतले जुने शेजारी, बँकेतले निवृत्त सहकारी, भजनी मंडळातल्या मैत्रिणी उत्तम. ज्यांना तुमच्या जगण्यामरण्याने आर्थिक फरक पडत नाही, आणि दहा वर्षांनी विचारले तर 'हो, मी होतो तिथे' असे जे सांगू शकतील, ते साक्षीदार.

इथे एक गंमत आहे. मरणोत्तर अवयवदानाची इच्छा लिहून ठेवताना १९९४चा कायदा नेमके उलटे मागतो: दोन साक्षीदार, आणि त्यांतला किमान एक जवळचा नातेवाईक. मला ही विसंगती वाटत नाही. अवयवदानात कायद्याला भीती आहे ती बाहेरच्या बाजाराची, म्हणून घरचा माणूस साक्षीला हवा. उपचार थांबवण्यात भीती आहे ती घरातल्याच कोणाची, म्हणून बाहेरचा हवा. मृत्युपत्रालाही दोनच साक्षीदार लागतात आणि नोटरीची सक्ती नसते, त्यामुळे अनेक जण दोन्ही मजकूर एकाच कागदात उरकायला बघतात. ते टाळावे. मृत्युपत्र उघडते माणूस गेल्यावर, आणि हा कागद लागतो तो माणूस असताना. कपाटाच्या चोरकप्प्यात एकत्र बांधून ठेवलेली ही दोन्ही पत्रे तेराव्यानंतर सापडल्याची उदाहरणे वकिलांना ठाऊक असतात.

सह्या झाल्यावर कागद कुठे जातो हेही सह्यांइतकेच महत्त्वाचे आहे. एक प्रत कागदात नाव असलेल्या प्रतिनिधीला द्यायची, घरचे डॉक्टर असतील तर एक त्यांना. एक प्रत महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या सक्षम अधिकाऱ्याकडे. त्या संस्थेने अभिरक्षक म्हणून एक अधिकारी नेमायचा असतो. हवे असल्यास आपल्या डिजिटल आरोग्य नोंदींतही इच्छापत्र जोडता येते. यामागचे कारण साधे आहे. वेळ येते तेव्हा उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी हाती आलेला कागद अस्सल आहे याची खातरजमा करायची असते, ती डिजिटल नोंदींवरून किंवा या अभिरक्षकाकडून.

निकाल आला, पण अभिरक्षक कुठे होते? मुंबईतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी हा प्रश्न लावून धरला आणि जनहित याचिका घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्यानंतर महाराष्ट्रातील स्थानिक संस्थांमध्ये असे अधिकारी नेमले जाऊ लागले. गोव्याने वेगळी आणि अधिक नेटकी वाट धरली. २०२४ साली तिथे ही यंत्रणा सुरू झाली तेव्हा उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी जाहीरपणे स्वतःच्या इच्छापत्रावर सही केली. न्यायाधीशानेच रांगेत पहिले उभे राहावे, याने लोकांचा संकोच जितका गेला असेल तितका दहा परिपत्रकांनी गेला नसता. आपल्या ग्रामपंचायतीत किंवा प्रभाग कार्यालयात अजून कोणाला काही ठाऊक नसेल तर प्रत आवक-जावक विभागात द्या, पोच घ्या आणि ती पोच मूळ कागदाला टाचा. न्यायालयाने कर्तव्य त्यांच्यावर टाकले आहे, तुमच्यावर नाही.

आता त्या नावाकडे येतो. इच्छापत्रात पालक किंवा जवळचा नातेवाईक म्हणून एक नाव लिहायचे असते, आणि २०२३नंतर एकाहून अधिक नावे लिहिता येतात. तुमची निर्णयक्षमता गेल्यावर उपचार नाकारण्याला किंवा थांबवण्याला संमती देण्याचा अधिकार या माणसाचा. तोही मोकळा नाही. तुम्ही कागदात जे लिहिले त्याला धरूनच त्याने संमती द्यायची असते. आणि या माणसाची सही कागदावर हवीच, असे न्यायालयाने कुठे म्हटलेले नाही. मला ही त्रुटी वाटते. साक्षीदाराची सही लागते, नोटरीची लागते, आणि ज्याच्या खांद्यावर सगळा भार पडणार त्याची लागत नाही? अनेक घरांत मुलाला आपले नाव तिथे आहे हे रुग्णालयातच कळते, आणि मग तो कोसळतो किंवा हात वर करतो. म्हणून या पुस्तिकेतील नमुन्यात प्रतिनिधीच्या स्वीकृतीची सही मुद्दाम घातली आहे. कायदा मागत नसला तरी ती घ्या. सही मागायला गेलात की बोलणे आपोआप होते, आणि ते बोलणे कोणत्याही नमुन्यात बसवता येत नाही.

आणखी एक समज इतका घट्ट आहे की त्यावर चार ओळी खर्च करायला हव्यात. 'आम्ही मुलाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून ठेवले आहे, तेवढे पुरे.' पुरत नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याचे मन शाबूत राहिले नाही की मुखत्यारीच संपते. म्हणजे ज्या क्षणी त्या कागदाची गरज लागते त्याच क्षणी तो निकामी होतो. कोमातल्या नवऱ्याच्या बँक खात्यासाठी, विम्यासाठी, घराच्या व्यवहारासाठी पत्नीला पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावे लागल्याची प्रकरणे मुंबईतही झाली आहेत. वैद्यकीय इच्छापत्र या नियमातून बाहेर आहे, पण ते पैशाचे व्यवहार हाताळत नाही. दोन वेगळी कामे आहेत.

मानसिक आजाराच्या उपचारांचा रस्ता निराळा आणि पुष्कळच मोकळा आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १४ खाली कोणीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर, सहीने किंवा अंगठ्याने, आपला प्रतिनिधी नेमू शकते. साधा कागद आणि अंगठा, इतके संसदेने पुरेसे मानले आहे. ज्याचे नाव लिहिले त्याने लेखी होकार द्यायचा असतो, म्हणजे वर ज्या त्रुटीबद्दल तक्रार केली ती या कायद्यात नाही. अतिदक्षता विभागाच्या बाबतीतही कधीतरी संसदेने लक्ष घातले तर हे कलम समोर ठेवावे.

पुण्यामुंबईच्या कितीतरी घरांत म्हातारी जोडपी इथे आणि मुले न्यू जर्सीत किंवा लंडनला. प्रतिनिधी म्हणून मुलाचे नाव लिहिणे स्वाभाविक आहे, पण सोबत इथल्या कोणाचे, भाचीचे किंवा धाकट्या भावाचे, नाव जरूर लिहा. वैद्यकीय मंडळे शक्यतो ४८ तासांत मत देतात आणि त्यानंतर संमती लागते. उलट बाजूने, जे आईवडील सहा महिने मुलांकडे अमेरिकेत राहतात त्यांनी इथला कागद तिथे चालेल असे धरून चालू नये. तिथे राज्यागणिक नियम बदलतो. न्यूयॉर्कमध्ये दोन सज्ञान साक्षीदार पुरतात, नोटरी लागत नाही, पण ज्याला प्रतिनिधी नेमले तो साक्षीदार होऊ शकत नाही. कॅलिफोर्नियात दोन साक्षीदार किंवा नोटरी, यांपैकी एक चालते, मात्र साक्षीदार घेतलेत तर त्यांतला किमान एक नात्यातला नको आणि वारसही नको. आपल्या न्यायालयाने 'शक्यतो' म्हणून सोडले ते त्यांनी सक्तीचे केले आहे.

हा कागद काय करत नाही, हे ठाऊक नसेल तर गैरसमज होतो. अपघात होऊन कोणी तातडीच्या विभागात आले आणि नातेवाइकाने इच्छापत्र पुढे केले म्हणून डॉक्टर हात आखडता घेत नाहीत, घेऊही नयेत. आजार शेवटच्या टप्प्यातला, उपचार लांबलेले, सुधारण्याची आशा नाही आणि रुग्णाला निर्णय घेता येत नाही, इतके सगळे जुळले तरच कागद बोलू लागतो. तेव्हाही आधी रुग्णालयाचे प्राथमिक मंडळ बसते, त्यात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ असतात. मग वेगळ्या डॉक्टरांचे दुय्यम मंडळ बसते, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेले एक डॉक्टर असतात. दोघांचे एकमत झाले, प्रतिनिधीने संमती दिली, की अंमलबजावणीपूर्वी रुग्णालय न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवते. म्हणजे दंडाधिकारी सहीच्या टेबलावरून उठले असले तरी दारात उभे आहेतच. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयाचा दरवाजा उघडा असतो. आणि विषारी इंजेक्शन देऊन मरण आणणे या सगळ्यात कुठेही बसत नाही. तो गुन्हाच आहे.

शुद्धीत असलेल्या माणसाला तर यातले काहीच लागत नाही. विनोबांनी १९८२च्या नोव्हेंबरात पवनारला अन्न आणि औषध नाकारले तेव्हा ते स्वतः सांगायला समर्थ होते. बहुतेकांच्या वाट्याला तसा शेवट येत नाही. नळ्या लागलेल्या असतात, गुंगी असते आणि फॉर्मवर सही दुसऱ्या कोणाची तरी घेतली जाते. इच्छापत्र नसेल तर ती नातलगांपैकी कोणाची, याचा क्रम कोणी घालून दिलेला नाही. मग मोठा मुलगा, धाकटी मुलगी आणि परगावाहून आलेले काका यांच्यात जे ठरेल ते, आणि न ठरले तर व्हेंटिलेटर सुरू राहतो.

शेवटी मजकुराबद्दल. इच्छापत्र मोघम असेल तर मंडळाला ते बाजूला ठेवावे लागते. 'मला यातना नकोत' हे वाक्य सगळ्यांना पटते आणि कोणाला काहीच सांगत नाही. श्वासाचे यंत्र, डायलिसिस, नळीने अन्न, हृदय थांबल्यावर छातीवर दाब देणे, यांतले काय नको आणि वेदनाशामक मात्र हवेच, असे सुटे सुटे लिहा. असे लिहिण्याच्या परिणामांची आपल्याला समज आहे आणि हे इच्छापत्र कधीही रद्द करता येते, ही दोन वाक्येही कागदात हवीत. मत बदलले तर रद्द करणेही लेखीच, आणि त्याच सह्यांनिशी. दोन कागद सापडले तर नंतरच्या तारखेचा धरतात, म्हणून नवा केल्यावर जुन्याच्या प्रती प्रतिनिधीकडून, डॉक्टरांकडून आणि पालिकेकडून परत मागवून घ्याव्यात. परिशिष्टातील नमुना जसाच्या तसा उतरवू नका. आपल्या डॉक्टरांसोबत बसून तो आपल्या आजारांना आणि वयाला लागू करून घ्या, आणि मगच साक्षीदारांना बोलवा.